सोलापूरच्या वसंतात मधपेट्यांची निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधमाशीपालनावरची बरीच पुस्तके थंड मुलखातल्या अनुभवावर लिहिलेली आहेत. तिथे वसंत आला की पुढे तीन-चार महिने फुलांची रेलचेल असते. सोलापूर जिल्ह्यात माघ-फाल्गुनात शिवार फुललेले असते आणि चैत्र लागला की महिन्याभरात रान कोरडे पडते. पेटी वाढवायचे आठवडे आणि पेटी वाचवायचे आठवडे यांच्यामध्ये जेमतेम पंधरवडा मिळतो. वाढ कुठे थांबवायची, हे ज्याला कळले त्याच्या पेट्या पावसाळा बघतात. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो : होळीपर्यंत वाढवा, पाडव्यानंतर सांभाळा. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या भागांतले शेतकरी आणि नवे मधपाळ जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे या धोरणाला धरूनच दिली आहेत.

हंगामातली पहिली सविस्तर तपासणी कधी करायची आणि काय बघायचे?

संक्रांतीला भरणारी सोलापूरची गड्डा यात्रा उरकली की करायची. संक्रांतीनंतर पहाटेचा गारठा कमी होऊ लागतो, करडई फुलायला लागलेली असते आणि राणीचे अंडी घालणे वाढते. सकाळी दहाच्या सुमारास, वारा नसताना पेटी उघडा.

राणी दिसलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. पोळ्यातल्या घराच्या तळाला उभी चिकटलेली, दीड मिलिमीटरची पांढरी अंडी दिसली म्हणजे राणी एक-दोन दिवसांपूर्वी तिथे होती. एका घरात एकच अंडे आणि तेही तळाच्या मध्यावर हवे. दोन-तीन अंडी, तीही घराच्या भिंतीला चिकटलेली दिसली, तर राणी गेलेली असून कामकरी माश्या अंडी घालत आहेत. अशी पेटी दुसऱ्या चांगल्या पेटीत मिसळून टाकणे बरे.

नंतर बंद पिलावा, म्हणजे टोपण बसलेल्या घरांतली पिले, बघा. तो सलग पसरलेला असावा. मध्ये मध्ये रिकाम्या घरांची भोके असतील तर राणी म्हातारी झाली आहे किंवा पिलांना रोग आहे. शेवटी जुनी पोळी बघा. काळे पडलेले पोळे उजेडासमोर धरून पलीकडचा उजेड दिसला नाही, तर ते कडेला सरकवा आणि त्यातली पिले बाहेर पडल्यावर काढून टाका. नवे मेणपत्रे (पोळे बांधायला आधार म्हणून द्यायचे मेणाचे पातळ पत्रे) द्यायला हाच काळ योग्य आहे, कारण मकरंद येत असतानाच माश्या मेण गाळतात. एप्रिलमध्ये दिलेला मेणपत्रा तसाच पडून राहतो.

आपल्याकडे कशाचा फुलोरा केव्हा मिळतो?

रब्बी ज्वारी डिसेंबर-जानेवारीत तुऱ्यावर येते. तिच्यात मकरंद नसतो, परागकण मात्र भरपूर असतात. सकाळी लवकर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभे राहिलात तर कणसांवर माश्यांचा आवाज ऐकू येतो. पिलांना लागणारे प्रथिन त्या परागातून येते. जोडीला करडई. ती पराग देते आणि मकरंदही देते, आणि माश्यांमुळे तिचे दाणे चांगले भरतात. करडईचे क्षेत्र घटत गेल्याचे दुःख मधपाळाइतके क्वचितच कुणाला होत असेल.

फेब्रुवारीत आंबे बहाराचे डाळिंब, लिंबू, शेवगा, फुलावर आलेला धना, बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे गोंडे, कलिंगड आणि खरबुजाचे वेल. बार्शीकडे बालाघाटाच्या उतारांवर पळस आणि काटेसावर. सूर्यफूल कुठे पेरले आहे ते आधीच विचारून ठेवा. मार्च सरता सरता निंब मोहरतो, त्यापाठोपाठ ओढ्याकाठचे करंज फुलतात आणि पुढे मे-जूनमध्ये चिंच. पडीक रानातली वेडी बाभूळ शेतकऱ्याला नकोशी असते, पण कोरड्या महिन्यांत तिनेच अनेक पेट्या जगवल्या आहेत.

आणि ऊस? उसाचे हिरवे पट्टे लांबून भरघोस दिसतात, पण माशीच्या दृष्टीने ते रिकामे आहेत. कालव्याच्या पट्ट्यात पेट्या मांडण्यापूर्वी चारही दिशांना दोन किलोमीटर फिरून बघा. ऊस सोडून काय आहे, त्यावर जागा ठरवा.

सातेरी (आपली देशी माशी) पाळावी की मेलिफेरा (परदेशातून आलेली मोठी माशी)?

व्यवसाय आणि डाळिंबासाठी भाड्याने पेट्या द्यायच्या असतील तर मेलिफेरा. ती दोन-तीन किलोमीटर सहज जाते, वसाहत मोठी होते आणि उन्हाळ्यात खायला मिळाले तर पेटी सोडून जात नाही. सातेरीला खर्च कमी, पण अन्न आटले किंवा पेटी तापली की ती सरळ निघून जाते. सातेरीच पाळायची असेल तर मैदानी भागातली, उष्णतेला सरावलेली वसाहत घ्या. महाबळेश्वरच्या थंड हवेतून मार्चमध्ये आणलेल्या सातेरीवर पैसे घालू नका.

पेटी फुटणार, म्हणजे थवा निघून जाणार, हे आधी कसे ओळखायचे?

फेब्रुवारीत बहर जोरात असतो, पेटी भरते आणि राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. मग वसाहत थवा काढायच्या तयारीला लागते. आधी नर माश्यांच्या घरांची टोपणे दिसू लागतात. मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबणारी राणीघरे (नवी राणी वाढवायची घरे) येतात. राणीचे पोट आटते आणि दारात माश्यांचा घोळका लोंबून राहतो. पहिले राणीघर बंद झाले की जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन कोणत्याही स्वच्छ उन्हाच्या दिवशी निघते.

राणीघर कुठे आहे तेही बघा. खालच्या कडेला बरीच असतील तर थव्याची तयारी. पोळ्याच्या मध्यभागी एक-दोनच असतील तर माश्या निकामी राणी बदलत आहेत, त्यांना हात लावू नका. अशी राणीघरे मोडून नंतर राणीविना राहिलेल्या पेट्या दरवर्षी बघायला मिळतात आणि फार हळहळ वाटते.

नुसती राणीघरे खुडत बसल्याने थवा थांबत नाही. माश्या आठवड्यात नवी बांधतात. त्यांची तक्रार जागेची आहे, तेव्हा जागा द्या. मधाने भरलेल्या पोळ्यांच्या चौकटी मधकोठीत, म्हणजे मध साठवायच्या वरच्या कप्प्यात, चढवा, पिलाव्यात बांधलेली रिकामी पोळी घाला आणि दुपारी सावली मिळेल असे बघा. तरीही तयारी चालूच राहिली तर विभाजन करा, म्हणजे एका पेटीच्या दोन करा.

विभाजन कोणत्या तारखेपर्यंत करावे?

माघ पौर्णिमा ते महाशिवरात्र हा उत्तम काळ. होळीनंतर करू नका. कारण हिशेबात आहे. बंद राणीघरातून राणी बाहेर यायला आठवडा लागतो. तिचे मीलन होऊन ती अंडी घालू लागेपर्यंत आणखी दीड-दोन आठवडे जातात. त्या अंड्यांतून मेलिफेराची कामकरी माशी २१ दिवसांनी बाहेर येते. म्हणजे साधारण सहा आठवडे. पाडव्याला केलेल्या विभाजनाच्या पहिल्या माश्या मेच्या मध्याला जन्मतात, आणि तेव्हा रानात फूल नसते आणि पारा ४२-४३ अंशांवर असतो. एका सशक्त पेटीच्या दोन दुबळ्या पेट्या होतात आणि दोन्ही जातात.

विभाजनात नव्या पेटीला तीन-चार चौकटी द्या. त्यात बंद पिलावा, एक चांगले राणीघर आणि मध-परागाची एक चौकट असावी. उडणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात, म्हणून नव्या पेटीत एक-दोन चौकटींवरच्या कोवळ्या माश्या जास्तीच्या झटका. तीन किलोमीटरपेक्षा लांब नेता आली तर तो प्रश्नच राहत नाही.

डाळिंबासाठी पेट्या कधी आणि किती ठेवायच्या?

बागेत साधारण दहा टक्के फुले उमलल्यावर आणा. त्याआधी आणल्या तर माश्या शेजारचे कांद्याचे गोंडे धरतात आणि मग डाळिंबाकडे वळायला वेळ लावतात. एकरी दोन सशक्त मेलिफेरा पेट्या पुरतात. सशक्त म्हणजे किमान सात-आठ चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या. भाडे ठरवताना बागायतदाराने पेटी उघडून बघावी, हा त्याचा हक्क आहे.

एक गैरसमज दूर करायला हवा. डाळिंबाला दोन प्रकारची फुले येतात. घंटीच्या आकाराची नर फुले गळणारच, पेट्या ठेवल्या तरी गळणार. बुडाशी फुगीर असलेली फुले फळ धरतात आणि माश्यांचा उपयोग त्यांना होतो. झाडाखाली फुलांचा सडा पडला म्हणून मधपाळाला दोष देऊ नका, आधी गळलेली फुले हातात घेऊन बघा. बहार व्यवस्थापनाच्या शंका केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारता येतात.

डाळिंबातून मकरंद फार मिळत नाही. त्या दिवसांत पेटीचे वजन घटत असेल तर पाक द्यावा लागतो, आणि तो खर्च भाड्यात आधीच धरावा.

फवारणी चालू असेल तर?

फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल यांची फवारणी म्हणजे पेट्यांचा घात. यात तडजोड नको. फुलकिडे किंवा माव्यासाठी काही मारणे भागच असेल तर माशीला कमी घातक औषध निवडा आणि माश्या परतल्यावर, सूर्य मावळल्यानंतर फवारा. स्पिनोसॅड ओले असेपर्यंत माशीला विषारी असते, वाळल्यावर धोका बराच कमी होतो. म्हणून ते रात्री मारावे. पाण्याच्या टाकीत किंवा ठिबकच्या गळतीत औषध उतरणार नाही, हेही बघा. माश्या तिथेच पाणी पितात.

मधपाळाला दोन दिवस आधी कळवा. शेजारच्या बागायतदारांनाही सांगून ठेवा, कारण माशीला बांध माहीत नसतो. मार्चनंतर पेटी दिवसभर बंद ठेवणे हा उपाय नाही. कोंडलेल्या माश्या उष्णतेने गुदमरून मरतात. रात्रीत पेट्या हलवता आल्या तर हलवा.

साखरेचा पाक कसा द्यावा? स्वस्त पडतो म्हणून गूळ चालेल का?

गूळ आणि काकवी अजिबात नको. त्यातल्या न पचणाऱ्या घटकांनी माश्यांना हगवण लागते. स्वच्छ पांढरी साखर घ्या. वसंतात एक किलो साखरेला एक लिटर पाणी. पाणी कोमट करून साखर विरघळवा, पाक उकळत ठेवू नका. संध्याकाळी, पेटीच्या आत, सगळ्या पेट्यांना एकाच वेळी द्या. दिवसा किंवा उघड्यावर दिला की लुटालूट सुरू होते आणि दुबळी पेटी संपते. मधकोठी चढवलेली असताना पाक देऊ नका, नाहीतर तो मधात उतरतो आणि तो मध म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

माझ्या माश्या रसवंतीवर जातात आणि शेजारी भांडायला येतात. काय करू?

एप्रिलमध्ये फुले संपली की उसाचा रस हाच त्यांना जवळचा गोडवा. रसवंतीवाल्याची तक्रार खरी आहे, माश्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात पडतात. त्याच्याशी गोडीने बोला. चिपाड झाकून ठेवणे, चरकाभोवती बारीक जाळी लावणे आणि गाळणे वरचेवर धुणे यांनी फरक पडतो. खर्च निम्मा तुम्ही उचला. आपल्या बाजूने पेट्यांमध्ये मध शिल्लक ठेवा आणि पाक सुरू करा. रस साठवलेल्या चौकटी मध म्हणून काढू नका.

मध कधी काढायचा आणि किती ठेवायचा?

तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झालेली चौकटच काढायची. आपल्या कोरड्या हवेत मध लवकर पिकतो, ही सोलापूरची जमेची बाजू आहे. भारतीय मानकाप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. कच्चा काढलेला मध आंबतो.

मधकोठीतला मध मार्चच्या मध्यापर्यंत काढून घ्या. खालच्या पिलावा कोठीतल्या (पिले वाढतात त्या कप्प्यातल्या) मधाला हात लावू नका. त्यानंतर येणारा निंब-करंजाचा मध माझ्या मते माश्यांचाच आहे. मेलिफेराच्या पेटीत किमान दोन-तीन भरलेल्या चौकटी चैत्रात असायला हव्यात. शेवटची चौकट काढून मिळणारे पैसे आणि मे महिन्यात ओतावी लागणारी साखर यांचा ताळमेळ घालून बघा, मग काढायची की नाही ते ठरवा.

सूर्यफुलाचा मध फार लवकर थिजतो. ते भेसळीचे लक्षण नाही. कोमट पाण्यात बरणी ठेवली की तो पातळ होतो. गॅसवर तापवू नका.

पाडव्यानंतर उन्हापासून पेट्या कशा वाचवायच्या?

पिलांच्या भागात माश्या ३४-३५ अंश तापमान राखतात. बाहेर पारा त्याच्या वर गेला की काही माश्या दारात पंख मारून हवा खेळवतात आणि काही पाणी आणून घरांवर पसरतात. भर उन्हाळ्यात मोठी वसाहत दिवसाला लिटरभर पाणी आणू शकते. हे काम करणारी माशी फुलांवर जात नाही. म्हणजे तुम्ही दिलेली सावली आणि पाणी ही थेट माश्यांची मजुरी वाचवणारी गोष्ट आहे.

मेण ६२-६४ अंशांना वितळते, पण चाळिशी ओलांडली की मऊ पडते. उन्हातल्या पेटीत मधाने जड झालेले नवे पोळे कोसळते, राणी खाली दबते आणि मध दारातून वाहतो. त्यामुळे निंब, चिंच किंवा आंब्याची दाट सावली शोधा. झाड नसेल तर कडब्याचा किंवा पाचटाचा मांडव घाला, पेटीपासून चार-पाच फूट उंच आणि बाजूंनी मोकळा. पत्र्याचे छप्पर घालायचेच असेल तर त्यावर पाचट पसरा. पेटीला पांढरा रंग द्या. दार पूर्वेला असावे, पश्चिमेचे ऊन दारात येऊ नये. झाकणाखाली काडी ठेवून बोटभर फट केली की गरम हवा वर निघून जाते. दुपारी झाकणावर ओले गोणपाट टाका, पण पाणी आत झिरपू देऊ नका.

जागा बदलायची असेल तर फेब्रुवारीतच बदला. त्याच शेतात हलवायची तर रोज हातभर सरकवा. एकदम पन्नास फूट नेली तर माश्या जुन्या जागी घिरट्या घालत राहतात.

पाणवठाही फेब्रुवारीतच लावा. पसरट परात, त्यात खडे किंवा गोणपाटाचा तुकडा, म्हणजे माश्या बुडत नाहीत. एकदा शेजारच्या जनावरांच्या हौदाची सवय लागली की ती मोडत नाही. परात एक दिवसही कोरडी पडू देऊ नका.

तपासणी आता सकाळी सात ते नऊमध्येच, आणि तीही थोडक्यात. चौकट नेहमी उभी धरून फिरवा. आडवी केली तर मऊ पोळे गळून पडते.

पोळी पोखरणारा मेणकिडा दरवर्षी उन्हाळ्यातच का लागतो?

कारण माश्या कमी होतात आणि पोळी तेवढीच राहतात. ज्या पोळ्यावर माशी फिरत नाही, ते मेणकिड्याचे. म्हणून होळीनंतर माश्यांनी न झाकलेल्या चौकटी काढून घ्या आणि वसाहत आटोपशीर करा. काढलेली पोळी बंद पेट्यांत रचून गंधकाची धुरी द्या. धुरीने अळ्या मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा द्या. तळपाट आठवड्याला खरवडा. पेटीच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना, तेही बघा, कारण उन्हात ते दोन दिवसांत आटते आणि मुंग्या चढतात.

व्हरोआ कोळ्यासाठी (माश्यांना चिकटून जगणाऱ्या बारीक परजीवीसाठी) औषध कधी वापरावे?

आधी मोजा. अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. राणी त्यात नाही ना, ते नीट पाहा. पिठीसाखर घालून हलवा आणि पांढऱ्या कागदावर झटका. शंभर माश्यांमागे तीनपेक्षा जास्त कोळी पडले तर उपाय हवा. फॉर्मिक आम्लाचे काम डिसेंबर-जानेवारीत, मधकोठी नसताना उरकावे. दुपार तिशीच्या वर गेली की त्याची वाफ जोरात निघते, पिले मरतात आणि राणीही जाऊ शकते. फेब्रुवारीपासून सोपा मार्ग म्हणजे नरांचा बंद पिलावा कापून काढणे. कोळ्याला नरांची पिले जास्त आवडतात, ती पेटीबाहेर काढली की त्यांच्यासोबत कोळीही जातात.

वेडे राघू माश्या खातात. त्यांना मारावे का?

नाही. सशक्त पेटीचे त्यांनी फारसे बिघडत नाही. पेट्या विजेच्या तारांखाली मांडू नका, कारण ते तिथेच बसून टिपतात. पेट्या झाडीत ठेवल्या की त्रास कमी होतो.

इमारतीवर आग्यामोहोळ बसले आहे. पेटीत भरता येईल का?

आग्या पेटीत राहत नाही. जाळू नका, फवारू नका. फुलोरा संपला की ती स्वतःच स्थलांतर करते. वर्दळीच्या जागी धोका असेल तर रात्री काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. झाडाच्या फांदीवर लोंबलेला सातेरीचा किंवा मेलिफेराचा थवा मात्र संध्याकाळी पेटीत घेता येतो.

प्रशिक्षण आणि अनुदान कुठे मिळते?

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण आणि साहित्यासाठी अनुदान मिळते. चौकशी सोलापूरच्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करा. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. प्रशिक्षण हिवाळ्यात घ्या आणि पेट्या जानेवारीत आणा. एप्रिलमध्ये सुरुवात करू नका.

वळीव आणि गारपिटीची काय तयारी ठेवावी?

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने जिल्ह्याच्या बागा झोडपल्या, तेव्हापासून वसंतातही आभाळावर विश्वास ठेवायचा नाही हे सगळ्यांना कळले आहे. झाकणावर दगड ठेवा आणि पेटी स्टँडसकट दोरीने बांधा. पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली असावी, म्हणजे आत आलेले पाणी दारातून निघते. ओढ्याच्या पात्रात सावली चांगली मिळते, पण मेमध्ये तिथे पेट्या ठेवू नका.

वळवानंतर दोन-तीन दिवस पाक चालू ठेवा, कारण पावसाने फुलांतला मकरंद धुऊन जातो. नंतर रान ओलावते, चिंच फुलते आणि दारात पिवळे परागकण घेऊन येणाऱ्या माश्या दिसू लागतात. तेव्हा काढून ठेवलेल्या पोळ्यांतले एक परत पिलाव्यात द्या आणि आठवड्याने त्यात अंडी आहेत का ते बघा.